वेळूचा आडोसा

घराला भिंती असतात, दारे-खिडक्या असतात. आणि तरीही घरातले जे अगदी घरगुती असते ते बहुधा भिंतींच्या बाहेर घडते. ओसरीवर बसून भाजी निवडणे, न्हाऊन ओल्या केसांनी तुळशीला पाणी घालणे, उन्हात पापड वाळत घालणे ही सारी अंगणातली कामे. त्यांना छप्पर नको असते. आडोसा मात्र हवा असतो. शेजारची बैठी घरे जाऊन तेथे मजल्यावर मजले चढू लागले की पहिला नाहीसा होतो तो हा आडोसा. तो परत मिळवण्याचा एक जुना आणि देखणा उपाय म्हणजे वेळू, अर्थात बांबू. तो कसा निवडावा, कसा लावावा आणि कोणती चूक टाळावी, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. ती चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे त्या सांगण्याचा मला थोडासा अधिकार आहे, असे मी समजतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने मी डेहराडूनला होतो. घर भाड्याचे होते. मागे चाळीसएक फूट लांबीचे परसू आणि कडेला तारेचे कुंपण. कुंपणापलीकडे एक निवृत्त बंगाली शिक्षक राहत. सारी गल्ली त्यांना मास्टरमोशाय म्हणे. मीही म्हणू लागलो. त्यांच्या मुलाने घरावर दुसरा मजला चढवला आणि त्याच्या दोन खिडक्या नेमक्या आमच्या परसावर उघडल्या. त्यांतून कोणी मुद्दाम पाहत असे, असे मुळीच नाही. पण माझ्या आईने परसात बसणे सोडले. तिने तक्रार केली नाही. तिचे सूप आणि पाट तेवढे स्वयंपाकघरात आले. हे माझ्या लक्षात यायलाच महिना लागला.

भिंत घालावी, तर घर दुसऱ्याचे. शिवाय ज्यांच्याशी रोज नमस्कार-चमत्कार होतो, त्यांच्यासमोर एकाएकी भिंत उभी करणे म्हणजे न बोलता बरेच काही बोलणे. म्हणून मी एका रोपवाटिकेत गेलो आणि भराभर वाढणारे, बारमाही हिरवे असे काहीतरी मागितले. मालकाने 'सोनेरी बांबू' म्हणून दहा रोपे दिली. ती मी कुंपणालगत, अगदी हातभर अंतरावर लावली. दोन वर्षे ती निमूट उभी राहिली. तिसऱ्या वर्षी चैत्राच्या सुमारास एका सकाळी मास्टरमोशायांनी मला कुंपणापाशी हाक मारली. त्यांच्या दुधी भोपळ्याच्या वाफ्यात, मिरच्यांच्या ओळीत आणि पायरीच्या फटीत हिरवे टोकदार कोंब उभे होते. ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "आमच्या बंगालमध्येही घरोघरी मागे बांबूचे बेट असते. पण ते आपल्या घरी राहते. तुमचा बांबू फार मिळून मिसळून वागणारा दिसतो." कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो, येथे माझ्या कुंपणाने शेजाऱ्याचे शेत खाल्ले होते.

हे का घडले ते समजण्यासाठी बांबूची घडण पाहिली पाहिजे. बांबू हा वृक्ष नव्हे. ते गवत आहे. ऊस, ज्वारी आणि दूर्वा यांच्याच कुळातले. आपल्याला दिसते ती त्याची काठी. पण झाडाचा खरा कारभार जमिनीखालच्या खोडातून चालतो आणि त्या खोडाच्या स्वभावावरून बांबूचे दोन मुख्य वर्ग पडतात. पहिल्या वर्गातले जमिनीखालचे खोड आखूड, जाड आणि वाकडे असते. त्याचे टोक लगेच वर वळून काठी होते, आणि पुढची काठी तिच्या शेजारीच फुटते. त्यामुळे झाडाचे बेट बनते. ते दरसाल थोडेसे फुगते, पण दूर जात नाही. दुसऱ्या वर्गातले खोड बारीक आणि लांब असते. ते जमिनीखालून आडवे धावत जाते आणि वाटेत पेरापेरावरून काठ्या वर पाठवते. हरळी कशी पसरते ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको. भारतात सव्वाशेहून अधिक जातींचे बांबू आहेत आणि त्यांतले बहुतेक बेट करणारे आहेत. धावणाऱ्यांची खरी घरे चीन आणि जपान. आपल्याकडे ते मुख्यतः हिमालयाच्या थंड भागात आणि हौशी बागांत आढळतात.

माझी फसगत नावाने केली. 'सोनेरी बांबू' या एकाच नावाने दोन अगदी भिन्न झाडे विकली जातात. एक बांबुसा व्हल्गॅरिस या जातीचा पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असलेला प्रकार. तो बेट करतो, पण फार मोठा होतो. दुसरा फायलोस्टॅकिस ऑरिया, हा धावणारा. दोघांना ओळखण्याची खूण सोपी आहे. फायलोस्टॅकिसच्या काठीला प्रत्येक पेरावर बहुधा दोनच फांद्या फुटतात, आणि फांद्यांच्या वरच्या बाजूला काठी चपटी, खोबणीसारखी असते. बोट फिरवले की कळते. आपल्या बेटाच्या बांबूंची काठी सर्व बाजूंनी गोल असते आणि पेरावर फांद्यांचा झुबका असतो. नाव विसरले तरी चालेल, पण रोप घेताना बोट फिरवण्यास विसरू नये.

पुढचे सहा महिने मी आणि मास्टरमोशाय रविवारी सकाळी खणत होतो. सीमेवर दोन फूट खोल चर खणला, धावणारी खोडे तोडून उपसली, आणि राहिलेल्या तुकड्यांतून पुढे दोन वर्षे जे कोंब आले ते दिसताक्षणी छाटले. धावणारा बांबू ज्यांना हवाच असेल त्यांनी असा चर कायम मोकळा ठेवून दरसाल तपासला पाहिजे, नाहीतर मोठ्या कुंडीतच त्याला कोंडले पाहिजे. खणताना आई ओसरीवरून पाहत असे. सावंतवाडीकडे तिचे माहेर. ती म्हणाली, "आमच्या बांधावरचा माणगा कधी असा पळाला नाही रे." मी घरात विचारण्याऐवजी दुकानात विचारले, ही माझी पहिली चूक होती, हे तेव्हा ध्यानात आले.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या आवारात निरनिराळ्या बांबूंचा संग्रह आहे. तो मी नंतर सावकाश पाहिला. आडोशासाठी कोणता बांबू, याचे उत्तर तेथे मला मिळाले. आणि ते जागेवर अवलंबून आहे. घराच्या परसासाठी सर्वांत सोयीचा बांबुसा मल्टिप्लेक्स. रोपवाटिकांत त्याला हेज बांबू म्हणतात. काठी बोटाएवढी, पाने बारीक, उंची दहा ते वीस फूट, बेट दाट, आणि फांद्या जवळजवळ जमिनीपासून फुटतात. म्हणजे पडद्याला खालून फट राहत नाही. दिल्लीकडची थंडीही तो सोसतो. कोकणात माणगा आहेच. त्याला काटे नसतात, काठी जवळजवळ भरीव असते, आणि पुढे ती विकताही येते. मात्र त्याला बांधाएवढी मोकळी जागा हवी. विदर्भातल्या कोरड्या रानात वाढणारा मानवेल काटक खरा, पण कडक उन्हाळ्यात त्याची पाने झडतात. ज्या दिवसांत आपण संध्याकाळी अंगणात बसतो नेमक्या त्याच दिवसांत त्याचा पडदा विरळ होतो. कळक म्हणजे काटेरी बांबू. गुरे अडवायला उत्तम, पण मुले खेळतात त्या परसात तो लावू नये. आणि पिवळा मोठा बांबू विस्तीर्ण आवार असेल तरच लावावा; घराच्या खिडकीपाशी कधीही नाही.

रोप घेताना आणखी एक प्रश्न विचारावा: मूळ बेटाचे वय काय? बांबूच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात आणि फुलून मरतात. मिझोरममधला मुळी नावाचा बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो. १९५९ साली आणि पुन्हा २००७ च्या सुमारास तो असा फुलला. त्याची फळे खाऊन उंदीर अतोनात वाढले आणि शेते फस्त झाली. पहिल्या वेळी तर मोठा दुष्काळ पडला. आपल्या परसातल्या चार बेटांनी दुष्काळ येणार नाही. पण मुद्दा असा की, बेटातून काढलेला फुटवा वयाने नवा नसतो. आईचे घड्याळच तो पुढे चालवतो. म्हाताऱ्या मानवेलाचा किंवा कळकाचा फुटवा आणला, तर तो आपल्याकडे रुजल्यावर थोड्याच वर्षांत फुलून जाण्याचा संभव असतो. बियांपासून केलेले रोप मिळाल्यास हा धोका टळतो. हेज बांबू क्वचितच फुलतो, हा त्याचा आणखी एक गुण.

आता लावणीविषयी. पहिला चांगला पाऊस झाला की लावणी करावी. सीमेपासून निदान तीन फूट आत दोरी धरावी. बेट फुगते ही गोष्ट विसरू नये. दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणून मातीत कुजलेले शेणखत मिसळावे, आणि तीन-तीन फुटांवर रोपे लावावीत. पाणी साचणारी जागा बांबूला मानवत नाही. तेथे मातीचा उंच वरंबा करून त्यावर लावावे. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये. गळलेली पाने झाडून जाळण्याऐवजी बुंध्याशीच पसरावीत. ओल टिकते आणि त्यांचेच खत होते. अंगण आणि बेट यांच्यामधली पट्टी मात्र स्वच्छ ठेवावी, म्हणजे पाचोळ्यात सापकिरडू लपण्याचे भय राहत नाही.

यानंतर धीर धरावा लागतो. बांबूची काठी जमिनीतून बाहेर पडते तीच आपली पूर्ण जाडी घेऊन; पुढे ती जाड होत नाही. दोन-चार महिन्यांत ती आपली उंची गाठते, मग फांद्या फुटतात, आणि पक्की व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात. म्हणून पहिल्या वर्षीच्या काडीसारख्या काठ्या पाहून निराश होऊ नये. त्या तशाच राहणार. उंच आणि जाड काठ्या पुढच्या पावसाळ्यांतल्या कोंबांतून येतील. पडद्यासारखा पडदा तिसऱ्या-चौथ्या वर्षी होतो. हव्या त्या उंचीवर काठी छाटली की ती पुन्हा वर वाढत नाही, बाजूच्या फांद्याच दाट होतात. त्यामुळे पडद्याची उंची आपल्या हाती असते.

विरळणी दरसाल हिवाळ्यात करावी, पावसाळ्यात कधीही नाही, कारण तेव्हा कोंब कोवळे असतात. तीन वर्षांहून जुन्या काठ्या बेटाच्या आतून काढाव्यात, कडेच्या कोवळ्या ठेवाव्यात. काप जमिनीलगत आणि पेराच्या अगदी वर घ्यावा. पेर सोडून कापल्यास उरलेल्या नळीत पावसाचे पाणी साचते आणि त्यात डास होतात. आपल्याच अंगणातला बांबू तोडण्याचे पूर्वी लोकांना भय वाटे, आणि ते निष्कारण नव्हते. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला वृक्षांत गणले होते. वनाबाहेर वाढलेला बांबू २०१७ मध्ये त्या व्याख्येतून वगळण्यात आला. शास्त्राने गवत मानलेल्या झाडाला कायद्यानेही गवत मानायला नव्वद वर्षे लागली. आम्हा कागद चालवणाऱ्यांना हा काळ फार वाटू नये.

धावणारा बांबू निघाल्यावर आम्ही त्याच परसात हेज बांबू लावला. या वेळी सीमेपासून तीन फूट आत, आणि मास्टरमोशायांना दाखवून. चाळीस फुटांत तेरा-चौदा रोपे बसत होती. आईने मधले एक रोप लावू दिले नाही. ती म्हणाली, "वाटी द्यायला जागा नको का?" ते खिंडार तसेच राहिले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पडदा खिडक्यांच्या उंचीला पोहोचला, आईचे सूप आणि पाट पुन्हा परसात आले, आणि खिंडारातून कधी इकडून पुरणपोळी, कधी तिकडून पाटिसाप्टा अशी ये-जा चालू राहिली. पुढच्याच वर्षी माझी बदली झाली. आता तेथे कोण राहतो मला ठाऊक नाही. बेट मात्र अजून कुंपणाच्या आतच असावे, असा मला भरवसा आहे.

संस्कृतात बांबूला वंश म्हणतात आणि कुळालाही वंशच म्हणतात. एका कंदातून काठीला काठी लागून बेट वाढते, हे पाहूनच तो शब्द कुळाला लागला असला पाहिजे. बेटासारखा वाढणारा बांबू निवडावा, त्याची मुळे आपल्या हद्दीत ठेवावीत, आणि जमल्यास मधले एखादे रोप लावू नये.