गोळी चोरून देऊ नका, परस्पर थांबवू नका

गैरसमज: न सांगता जेवणात औषध कालवलं की दारू सुटते.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून हतबल बायका-आया हे करतात. त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो, हे समजतं. पण डायसल्फिरामसारखी गोळी अशी देणं जिवाशी खेळ आहे. दारूपासून शरीरात तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड ही गोळी साचू देते. वर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. क्वचित माणूस दगावतो. हीच गोळी रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून दिली तर अनेकांना दारूपासून दूर राहायला मदत होते. नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधं वेगळ्या रीतीने काम करतात, पिण्याची ओढ कमी करतात. तरीही समुपदेशन आणि घरच्यांची साथ लागतेच.

गैरसमज: निर्धार असेल तर दारू एका दिवसात सोडावी.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. असे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत.

गैरसमज: नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते.

सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशा गोळ्यांची नशा चढत नाही, तलफही येत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांची. लोक दोन्ही एकाच माळेत ओवतात आणि नको त्या गोळीला घाबरतात.

खरी अडचण निराळी आहे. मळमळ, डोकेदुखी पहिल्याच आठवड्यात सुरू होते. मन हलकं व्हायला मात्र २ ते ६ आठवडे लागतात. नेमक्या याच काळात कित्येक जण गोळ्या सोडून देतात. काहींची कामेच्छा मंदावते, आणि पहिलंच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायलाच हवं. बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने गोळी चालू ठेवावी लागते. एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी येते, म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.

कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. आजच फोन करा.