उसवलेली शिवण

आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतली काही मंडळी गालांत हसली. हसावे असाच तो आहे. मात्र भर रस्त्यात ज्याची शिवण उसवते, त्याला त्या घटकेला याहून गंभीर विषय जगात दुसरा नसतो.

मोरा बंदरावरची गोष्ट सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आलो तो नेमका ओहोटीच्या वेळी. पाणी उतरलेले, लाँच पायऱ्यांच्या बरीच खाली. मी मुंबईकराच्या ऐटीत पाय उंच टाकला आणि पाटलोणीची मागची शिवण वीतभर उसवली. आवाज साऱ्या लाँचने ऐकला, अशी माझी खात्री. मी जागच्या जागी थिजलो. मागे टोपली घेतलेली एक कोळीणबाई होती. तिने तोंडाला पदर लावला नाही, की कुणाला खुणावले नाही. "चल दादा, मी मागं हाय," एवढेच म्हणाली आणि रिक्षापर्यंत माझ्या पाठीशी चालत आली. पाहणाऱ्याला वाटावे, गर्दीमुळे बाई अशी खेटून चालली आहे.

आता यातले मर्म पाहा. धोतर किंवा नऊवारी लुगडे शिवलेले नसते. ते सहसा फाटत नाही, सुटते. सुटलेले पुन्हा नेसता येते. आमच्या घरचे वडीलधारे जरा बाजूला वळत, कासोटा घट्ट खोचत आणि बोलणे जिथे तुटले तिथून पुढे चालू करत. कोळणींचे चापूनचोपून नेसलेले लुगडे तर धावपळीत सुटू नये अशाच बेताचे. शिवलेल्या कपड्याचे तसे नाही. तो मागून उसवला की अंगावर घालणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. तिथे शेजारी लागतो. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने 1849 साली सेफ्टी पिनेचे पेटंट घेतले आणि ते अवघ्या 400 डॉलरला विकून टाकले. आपल्या बायका बांगडीला दोन-चार पिना अडकवून ठेवतात. त्या पुष्कळदा दुसरीच्याच पदराला लागतात.

शिवाय लाजेचा हिशेब नेहमी फुगलेला असतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आदी मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घालायला संकोच वाटावा अशा चित्राचा बनियन घालून एकेका विद्यार्थ्याला भरल्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांनी चित्र ओळखले असेल, असा त्याचा अंदाज. प्रत्यक्षात ओळखले ते सुमारे चौथाई लोकांनी. त्याआधी 1966 साली ॲरन्सन यांना असे आढळले, की हुशार ठरलेल्या माणसाने नव्या सुटावर कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना अधिकच आवडतो. सामान्य वकुबाच्या माणसाला मात्र ही सवलत मिळाली नाही. हा न्याय मला रुचत नाही, पण प्रयोगाने दाखवले ते असे.

इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाची एक दंतकथा आहे. नाचताना एका सरदारपत्नीचा मोज्याचा बंद गळून पडला. दरबारी हसू लागले, तेव्हा राजाने तो उचलून स्वतःच्या पायाला बांधला. चौदाव्या शतकात स्थापन झालेल्या 'गार्टर' या मानाच्या पदवीचे नाव यावरूनच पडले, असे सांगतात. इतिहासकार यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पण राजा आणि आमची कोळीणबाई एकाच जातीची माणसे, एवढे मला दिसते.

राहिला प्रश्न सांगावे की न सांगावे हा. उपाय हाताशी असेल तर सांगावे: हळू, एकट्याला, आणि जमल्यास पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला. गुंडी लावता येते, पदर सावरता येतो. शाईचा डाग मात्र सभेत धुता येत नाही. तो दाखवून वक्त्याचे व्याख्यान बिघडवण्यात काय मिळवायचे? आणि ज्याची फजिती झाली त्याने "शिवण गेली बुवा" असे एकदा म्हणून टाकावे. दहा वेळा क्षमा मागू लागला, की ज्यांनी पाहिले नव्हते तेही पाहू लागतात.

त्या दिवसापासून माझ्या पाकिटात दोन पिना असतात. स्वतःसाठी अजून एकही लागलेली नाही. दुसऱ्यांना देऊन मात्र तीनदा नव्या घ्याव्या लागल्या.