वाचनाला बसण्यापूर्वी

फणसवाडीजवळच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. गिरगावात अशा उत्सवांतल्या हौशी नाटकांनीच कित्येकांच्या तोंडाला पहिला रंग लावला.

अशा नाटकाची पात्रनिवड होते वाचनाला. एकच प्रवेश दोघातिघांकडून आलटूनपालटून वाचून घेतात. विनोदी नाटकात आवाजापेक्षा कान मोलाचा: समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकायचं, मग नेमक्या क्षणी उत्तर टाकायचं. हशा आला की थांबायचं, स्वतः मात्र हसायचं नाही. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ ब्रँडन थॉमस यांच्या १८९२ मधल्या इंग्रजी फार्सवरून आलेली. तिथे पुरुषच मावशी होतो. लुगडं सावरत धावणं जमतं का, हे पाहिल्याशिवाय ती भूमिका कुणाला देऊच नये.

वाचनाला जाताना आपला प्रवेशच नव्हे, अख्खं नाटक वाचून जा.