सप्टेंबर सातवा होता तेव्हा

सप्टेंबर हा वर्षातला नववा महिना, पण लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ म्हणजे सात. ‘ऑक्टो’ म्हणजे आठ, ‘नोवेम’ नऊ आणि ‘डेकेम’ दहा. चारही नावे बरोबर दोन घरांनी चुकतात. याचा खुलासा सर्रास असा केला जातो की, ज्यूलियस सीझर आणि ऑगस्टस यांनी आपापल्या नावाचा एकेक महिना मध्येच घुसवला आणि पुढचे महिने दोन घरे सरकले. हिशेब जुळतो, म्हणून गोष्ट पटते. पण ती खरी नाही. जुलै आणि ऑगस्ट आधीपासून होतेच. त्यांची नावे क्विंटिलिस आणि सेक्स्टिलिस, म्हणजे पाचवा आणि सहावा. क्विंटिलिस हा सीझरचा जन्ममहिना, म्हणून इ.स.पूर्व ४४ मध्ये त्याला सीझरचे नाव मिळाले. इ.स.पूर्व ८ मध्ये सेक्स्टिलिसला ऑगस्टसचे मिळाले. पाट्या बदलल्या, घरे तीच राहिली.

हे केवळ जुन्या ग्रंथकारांच्या भरवशावर म्हणायचे कारण नाही. रोमच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या अँटिअम (आजच्या अँझिओ) गावी भिंतीवर रंगवलेल्या एका दिनदर्शिकेचे तुकडे सापडले आहेत. ती सीझरने केलेल्या दिनदर्शिकेच्या सुधारणेआधीची आहे. तिच्यात बारा महिने आहेत, क्विंटिलिस आणि सेक्स्टिलिस आपापल्या जागी आहेत, आणि शेवटी अधिक महिन्याचा तेरावा रकाना आहे. फेब्रुवारी तिथेही २८ दिवसांचाच आहे. त्यामुळे आपला महिना सीझरच्या महिन्याएवढा व्हावा म्हणून ऑगस्टसने फेब्रुवारीचा एक दिवस पळवला, ही दुसरी लाडकी गोष्टही याच भिंतीवर आपटून फुटते.

मग दोन घरांचा फरक आला कुठून? मार्चपासून मोजून पाहावे, सगळी नावे जागेवर बसतात. यावर कोणी म्हणेल, नावांवरून वर्षारंभ ठरवायचा आणि वर्षारंभावरून नावे समजावायची, हे तर गोल फिरणे झाले. आक्षेप रास्त आहे, म्हणून नावे बाजूला ठेवून रोमन लोक काय करत होते ते पाहू. वेस्टा देवीचा पवित्र अग्नी ते १ मार्चला नव्याने पेटवत. ३५५ दिवसांचे वर्ष ऋतूंशी जुळावे म्हणून अधिक महिना घालत, तो डिसेंबरनंतर नव्हे, तर फेब्रुवारीच्या २३ किंवा २४ तारखेनंतर. हिशेबाची अशी तोडजोड वर्षाच्या टोकालाच शोभते. शिवाय २३ फेब्रुवारी हा सीमेचा देव टर्मिनस याचा सण. आता अँटिअमची भिंत जानेवारीपासून सुरू होते हे खरे, पण ती नंतरच्या काळातली आहे. आधी कॉन्सल, म्हणजे रोमचे दरवर्षी बदलणारे सर्वोच्च अधिकारी, १५ मार्चला अधिकारावर येत. स्पेनमधल्या युद्धाची निकड आली आणि इ.स.पूर्व १५३ पासून ते १ जानेवारीला येऊ लागले. राज्यकारभाराचे वर्ष सरकले. महिन्यांची नावे मात्र तोंडात बसलेली होती, ती तशीच राहिली.

आपल्याकडे आणखी एक व्युत्पत्ती फिरते : सप्टेंबर म्हणजे ‘सप्त-अंबर’, आकाशाचा सातवा भाग. सप्त आणि सेप्टेम, नव आणि नोवेम, दश आणि डेकेम यांचे साम्य खरे आहे. संस्कृत आणि लॅटिन एकाच प्राचीन भाषाकुळातल्या बहिणी आहेत, म्हणून ते आहे. पण बहिणीचा चेहरा जुळला म्हणून ती मुलगी ठरत नाही. शिवाय ‘अंबर’ ऑक्टोबरपाशीच अडखळतो : तिथे ‘ऑक्टो’ला ‘बर’ जोडला आहे, ‘अं’चा मागमूस नाही. बाकी नावांत जो ‘म’ ऐकू येतो, तो सेप्टेम, नोवेम आणि डेकेम यांच्याच शेवटचा. म्हणजे आकड्याला लावलेला प्रत्यय फक्त ‘बर’ एवढाच आहे.

सीझर आणि ऑगस्टस यांच्या पाट्या टिकल्या, म्हणून पुढच्या सम्राटांनाही मोह झाला. सप्टेंबरला आपले नाव देण्याची सूचना टायबेरिअसने नाकारली. नीरोने मात्र एप्रिल घेतला. डोमिशियनने सप्टेंबर आणि ऑक्टोबर दोन्ही घेतले. कोमोडसने तर बाराही महिने आपल्या नावा-बिरुदांनी भरून टाकले. इ.स. ९६ मध्ये डोमिशियन आणि १९२ मध्ये कोमोडस मारला गेला, आणि दोन्ही वेळा सप्टेंबर पुन्हा नुसता ‘सातवा’ झाला.