आधी हुकूम, मग अहवाल

लेखमाला : अभ्यासक आणि सरकार – लेखांक ७

सियालदहहून सुटणारी दक्षिण उपनगरातली लोकल जिथे थांबते आणि पुढे जात नाही, त्या स्थानकाच्या पाटीवर आता ‘कोमागाता मारू बजबज’ असं नाव आहे. एका जपानी जहाजाचं नाव बंगालमधल्या रेल्वे स्थानकाला लागावं, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटतं. गाव हुगळीच्या पूर्वकाठचं, तागगिरण्यांचं आणि तेलाच्या टाक्यांचं. विवेकानंद १८९७ साली पाश्चात्त्य देशांतून परतताना इथेच बोटीतून उतरले आणि खास गाडीने सियालदहला गेले. तिथे त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली होती. पुढे सतरा वर्षांनी, २९ सप्टेंबर १९१४ रोजी, याच गावी आणखी काही लोक परदेशातून परतले. त्यांच्यासाठीही खास गाडी उभी होती, पण ती पोलिसांनी आणलेली होती.

मागच्या लेखांकानंतर काही वाचकांनी एक रास्त प्रश्न विचारला. परराष्ट्र व्यवहाराच्या अभ्यासकांना सरकारपर्यंत पोहोचता येत नाही ही तक्रार तुम्ही मांडलीत, पण ते पोहोचले तर भलंच होतं, असं कशावरून? या आठवड्यात त्याचंच उत्तर. त्यासाठी बजबजइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

गोष्टीचा ठळक भाग अनेकांना ठाऊक असेल. बाबा गुरदित्तसिंग यांनी भारतीयांना कॅनडाला नेण्यासाठी ‘कोमागाता मारू’ भाड्याने घेतलं. ४ एप्रिल १९१४ रोजी ते हाँगकाँगहून निघालं. वाटेत शांघाय, मोजी, योकोहामा इथे माणसं चढत गेली आणि २३ मे रोजी व्हँकूव्हरच्या बंदरात ते पोहोचलं तेव्हा प्रवासी ३७६ होते. त्यांतले ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन आणि कॅनडाही त्याच साम्राज्याचा भाग. तरीही पूर्वी कॅनडात राहिलेले वीसेक जण सोडले तर कुणाला उतरू दिलं नाही. दोन महिने जहाज पाण्यात उभं राहिलं. २३ जुलैला कॅनडाच्या नौदलाच्या ‘रेनबो’ने त्याला समुद्रात घालवून दिलं. परतीच्या वाटेवर असतानाच महायुद्ध पेटलं, आणि ५ सप्टेंबरला भारत सरकारने वटहुकूम काढून बाहेरून येणाऱ्या कुणाच्याही हालचालींवर बंधनं घालण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले. बजबजला प्रवाशांना थेट पंजाबच्या गाडीत बसवायचं ठरलं होतं. साठेक जण बसले. बाकीच्यांना कलकत्त्याला जायचं होतं. ते गुरुग्रंथसाहिब घेऊन रस्त्याने चालू लागले, वाटेत लष्कराने अडवून परत आणलं, आणि संध्याकाळी स्थानकापाशी गोळीबार झाला. वीसच्या आसपास प्रवासी ठार झाले.

इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट गदर चळवळीच्या प्रकरणात येते, आणि ते योग्यच आहे. पण तिचा एक धागा मागे नेला तर तो एका अभ्यासकाच्या टेबलाशी जाऊन थांबतो.

विल्यम लायन मॅकेंझी किंग हे पुढे कॅनडाचे सर्वाधिक काळ राहिलेले पंतप्रधान झाले. १९०८ साली ते मजूर खात्याचे उपमंत्री होते. तिकडे उपमंत्री म्हणजे राजकारणी नव्हे, आपल्याकडच्या सचिवासारखा अधिकारी. आदल्या वर्षी, सप्टेंबर १९०७ मध्ये, व्हँकूव्हरमध्ये आशियाई लोकांच्या वस्त्यांवर गोऱ्या जमावाने हल्ला केला होता. त्या दंगलीनंतर किंग यांच्याकडे चौकश्या सोपवल्या गेल्या. १९०८ च्या वसंतात त्यांना लंडनला पाठवलं. तिथे त्यांनी भारतमंत्री मोर्ले यांच्यासह साम्राज्यातल्या वरिष्ठांशी बोलणी केली आणि मे महिन्यात भारतातून होणाऱ्या स्थलांतरावर एक छोटेखानी अहवाल सादर केला. भारतीय माणूस उष्ण हवेत वाढलेला, रीतीभाती वेगळ्या असलेला, त्याला कॅनडा मानवणार नाही, तेव्हा त्याला येऊ न देणं हे त्याच्याच हिताचं, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने किंग यांना डॉक्टरेट दिली, तीही कॅनडातल्या आशियाई स्थलांतराच्या विषयावर.

हवामानाच्या मुद्द्यावर क्षणभर थांबायला हवं. त्या वेळी ब्रिटिश कोलंबियात असलेले बहुतेक भारतीय पंजाबी होते, त्यांत लष्करातून निवृत्त झालेले बरेच. ते लाकूडगिरण्यांत राबत होते. जालंधर-होशियारपूरची जानेवारीतली पहाट ज्याने पाहिली आहे, त्याला उष्ण कटिबंधाचा हा युक्तिवाद ऐकून हसू येईल. शिवाय व्हँकूव्हरचा हिवाळा कॅनडाच्या मानाने सौम्य. किंग यांनी पंजाबी शेतकऱ्याला विचारलं असतं तर हे एका वाक्यात कळलं असतं. पण ते लंडनला गेले, पंजाबात गेले नाहीत. भारतात त्यांनी पाऊल ठेवलं ते अहवाल लिहून झाल्यावर काही महिन्यांनी.

माझ्या मते खरी मेख तारखांत आहे. मूळ देशातून न थांबता, एकाच सलग प्रवासाने आलेल्यांनाच कॅनडात प्रवेश, हा कुप्रसिद्ध नियम ८ जानेवारी १९०८ चा. भारतातून असा थेट जाणारा जहाजमार्गच चालत नव्हता, म्हणून ‘भारतीय’ हा शब्द न लिहिताही दार बंद झालं. किंग लंडनला निघाले ते त्यानंतर. म्हणजे निर्णय आधी झाला होता आणि त्याला विद्वत्तेची झूल नंतर चढवली गेली. अहवालानंतर साधारण महिन्याभराने आणखी एक अट आली: आशियातून येणाऱ्याजवळ २०० डॉलर हवेत. परिणाम लगेच दिसला. १९०७-०८ मध्ये भारतातून कॅनडात आलेल्यांची सरकारी नोंद २,६२३ आहे. १९०८-०९ मध्ये ती ६ झाली.

हे आकडे मी मुद्दाम देतोय. आज आंतरराष्ट्रीय संबंधांच्या तरुण अभ्यासकांना दिल्लीत काय किंवा वॉशिंग्टनमध्ये काय, एकच मंत्र शिकवला जातो. थोडक्यात लिहा, वेळेवर द्या, मंत्र्याला काय करायचं ते स्पष्ट सांगा, योग्य माणसाच्या ओळखी ठेवा. किंग यांनी यातलं सगळं केलं. अहवाल थोडक्यात होता, वेळेवर आला, शिफारस स्पष्ट होती आणि लेखकाच्या ओळखी लंडनपासून वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टपर्यंत होत्या. परिणामकारकतेच्या कसोटीवर इतका उतरलेला अहवाल विरळाच. तेव्हा ‘सरकारने आमचं ऐकलं’ एवढ्यावर खूश होणाऱ्या संशोधकाबद्दल मला आदर वाटत नाही. सरकारने नेमकं काय ऐकलं, आणि ते ऐकायला ते आधीच तयार बसलं होतं का, हे त्याने सांगायला हवं.

दुसरा नमुना विल्यम हॉपकिन्सन. हा कलकत्त्याच्या पोलिसांत काम केलेला, हिंदी येणारा माणूस व्हँकूव्हरला येऊन इमिग्रेशन खात्याचा दुभाषी झाला. पंजाबी समाजात खबरे पेरून तो अहवाल धाडत असे, आणि त्याला कॅनडाखेरीज लंडनच्या इंडिया ऑफिसकडूनही मोबदला मिळे. त्याला अभ्यासक म्हणणं ओढूनताणून होईल. पण ओटावात बसलेल्यांसाठी या समाजाचा एकमेव जाणकार तोच होता, आणि प्रश्न तिथेच आहे. एखाद्या विषयावर सरकारला एकाच माणसाचं ऐकायची सवय लागली, की त्या माणसाचे राग-लोभ हेच धोरण बनतं. ज्यांच्याविषयी तो लिहीत होता त्यांना त्याचं लिखाण वाचायची सोय नव्हती, मग खोडून काढणं दूरच. त्याचा शेवट भीषण झाला. २१ ऑक्टोबर १९१४ रोजी, बजबजनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, तिथल्याच पंजाबी समाजातल्या मेवासिंग यांनी त्याला व्हँकूव्हरच्या न्यायालयात गोळ्या घातल्या. मेवासिंग पुढच्या जानेवारीत फासावर गेले.

बजबजच्या गोळीबाराची चौकशी झाली. सर विल्यम व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत बर्दवानचे महाराज आणि सरदार दलजितसिंग हे दोन भारतीयही होते. डिसेंबरपर्यंत अहवाल तयार झाला आणि दोषाचं माप प्रामुख्याने प्रवाशांच्या पदरात पडलं. कॅनडाचा नियम मुळात कशाच्या आधारावर उभा होता, हे तपासणं समितीचं कामच नव्हतं. प्रश्न कोण ठरवतो, त्यावर उत्तर किती दूर जाईल ते ठरतं.

मग याच काळात आपल्याकडे कुणी वेगळ्या पद्धतीने हे काम करत होतं का? होतं, आणि तेही पुण्यात. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला, तो कार्यकर्त्याने आधी अभ्यास करावा या आग्रहानेच. नातालला जाणाऱ्या करारबद्ध मजुरांचा प्रश्न त्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. त्यासाठीची माहिती प्रत्यक्ष दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांकडून, गांधी आणि त्यांचे सहकारी हेन्री पोलॉक यांच्याकडून, आली होती. सरकारने ठराव मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नातालला मजूर पाठवणं थांबलं. १९१२ च्या अखेरीस गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरियात तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटण्याआधी त्यांनी गांधींकडून प्रश्नांचं सविस्तर टिपण घेतलं आणि उलटसुलट विचारून ते घोटून घेतलं, हे गांधींनीच लिहून ठेवलं आहे. प्रकृती खालावलेली असताना केलेली ही तयारी आजच्या कुठल्याही परराष्ट्र तज्ज्ञाने पाहावी अशी आहे.

पण तिथेही एक खोच राहिली. ती भेट गोखले यांनी गांधींना बरोबर न नेता घेतली आणि करारमुक्त भारतीय मजुरांवरचा तीन पौंडांचा जाचक कर रद्द होणार, असं समजून ते बाहेर आले. कागदावर काही नव्हतं. पुढे स्मट्स यांनी नातालच्या गोऱ्यांचा विरोध पुढे करून हात वर केले, शब्द दिला होता की नव्हता यावर वाद झाला आणि १९१३ चा सत्याग्रह पेटला. कर गेला तो १९१४ मध्ये, तुरुंग भरल्यावर. बंद दाराआडच्या गप्पांना काही अभ्यासक फार मान देतात, त्यांनी प्रिटोरियाची ती भेट आठवावी. गोखल्यांसारख्या काटेकोर माणसालाही लेखी नोंद नसल्याचा फटका बसला.

भारत सेवक समाजाचा वारसा पुढे दिल्लीत पोहोचला, हे फारसं सांगितलं जात नाही. समाजाचे सदस्य आणि नंतर दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले हृदयनाथ कुंझरू हे तेजबहादूर सप्रूंबरोबर १९४३ साली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स उभारणाऱ्यांत होते. सरकार ब्रिटिशांचं असताना परराष्ट्र व्यवहाराचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, ही त्यामागची भूमिका. १९४७ ची आशियाई संबंध परिषद याच संस्थेने भरवली, आणि १९५५ साली तिच्याच पुढाकाराने आंतरराष्ट्रीय संबंधांचं स्वतंत्र विद्यालय निघालं. ते १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालं. कौन्सिल मात्र २००१ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली आणि उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष झाले.

१९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, संरक्षण अध्ययन संस्था दिल्लीत स्थापन झाली. २०२० साली तिला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं. कराडचा मंत्री आणि म्हापशाचा मंत्री अशी या संस्थेची दोन टोकं आहेत. पैसा संरक्षण मंत्रालयाचा. त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. सरकारी पैशाशिवाय आपल्याकडे इतका खर्चिक अभ्यास कोण करणार? पण मंत्रालयाला नको असलेलं निदान तिथल्या संशोधकाने छापावं आणि तरी त्याची खुर्ची राहावी, ही व्यवस्था लेखी स्वरूपात असली पाहिजे. सद्भावनेवर ती सोडून चालत नाही.

अमेरिकेत हा धडा १९६५ सालीच मिळाला. लष्कराच्या पैशावर, परक्या देशांत बंड कधी होतं याचा अभ्यास करणारा ‘प्रोजेक्ट कॅमेलॉट’ चिलीत उघडकीला आला आणि संरक्षणमंत्र्यांना तो गुंडाळावा लागला. नंतर कितीतरी वर्षं लॅटिन अमेरिकेतल्या लोकांनी प्रामाणिक संशोधकांकडेही संशयाने पाहिलं. १९९३ साली अलेक्झांडर जॉर्ज यांनी अभ्यासक आणि धोरणकर्ते यांच्यातल्या दरीवर पुस्तक लिहिलं. त्यातलं मला पटणारं म्हणणं असं: अभ्यासकाने मंत्र्याला निर्णय आयता देऊ नये, परिस्थितीचं निदान द्यावं, आणि कुठल्या अटींवर कुठला उपाय चालतो ते सांगावं. किंग यांनी नेमकं उलट केलं होतं.

बजबजच्या गोष्टीची दुरुस्ती कशी झाली, हेही बघण्यासारखं आहे. कॅनडातले इतिहासकार ह्यू जॉन्स्टन यांनी दोन्हीकडची कागदपत्रं धुंडाळून १९७९ साली या जहाजावर सविस्तर पुस्तक लिहिलं. सायमन फ्रेझर विद्यापीठाने नंतर मूळ कागदपत्रं सर्वांना पाहता येतील अशी खुली केली. पंजाबी समाजाच्या संघटना वर्षानुवर्षं मागणी करत राहिल्या. २००८ मध्ये पंतप्रधान हार्पर यांनी सरे शहरातल्या एका मेळाव्यात माफी मागितली, ती संसदेत नाही म्हणून लोकांनी तिथल्या तिथे नाकारली. १८ मे २०१६ रोजी जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. पुस्तकापासून माफीपर्यंत ३७ वर्षं. किंग यांच्या अहवालाला परिणाम दाखवायला साधारण एक महिना पुरला होता.

बजबजला हुतात्म्यांचं स्मारक आहे. नेहरूंनी त्याचं उद्घाटन १ जानेवारी १९५२ रोजी केलं. कलकत्त्याला गेलात तर लोकलने अर्ध्या दिवसात पाहून होतं. आणि जायला जमलं नाही तरी निदान एवढं करा: यापुढे व्हिसा, निर्वासित, सीमा किंवा परदेशातले मजूर यांवर कुठल्याही तज्ज्ञ समितीचा अहवाल बातमीत आला, की त्याची तारीख पाहा, आणि ज्या निर्णयाला तो आधार म्हणून दाखवला जातोय त्या निर्णयाची तारीख पाहा. उलटा क्रम दिसला तर आपल्या खासदाराला पत्र लिहा. पुढच्या आठवड्यात कारगिल पुनरावलोकन समितीकडे वळू. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला गेला, पण त्यातला काही मजकूर गाळून.