हात धुणे थांबत नाही तेव्हा

मार्च लागला की आपल्या जिल्ह्यात पाण्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. कुठे नळ आठ दिवसांनी, कुठे पंधरा दिवसांनी. अशाच एका उन्हाळ्यात वस्तीतील एका सासूबाईंनी आम्हाला विहाराच्या पायरीवर गाठले. "सिस्टर, घरात दोन डराम पानी. त्यातला एक डराम सून एकटी हातावर ओतते. बोललं तं रडते, अन् रडून झालं का पुन्हा धुते. मी का करू?"

सुनेचे हात आम्ही पाहिले. बोटांच्या सांध्यांवर चिरा पडलेल्या, कपड्याच्या साबणाने कातडी सोललेली. वय पंचविशीच्या आत. शेजारणी म्हणत होत्या, हिच्या अंगात सोवळे शिरले. ते ऐकून आम्हाला फार लागले. ज्या विटाळाच्या नावाने आपल्या आजा-पणजांना पाणवठ्यावरून हाकलले, तोच विटाळ ही पोर पाळते, असा अर्थ लोक काढत होते. तिला विचारले तर म्हणाली, "मले समजते हात साफ हायेत. पन डोकं मानत नाही."

तिचे हे वाक्य ध्यानात ठेवा. या आजाराची ओळख त्यातच आहे. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. मंत्र चुकला की माणूस चळतो, ही जुनी समजूत त्या शब्दातच बसलेली आहे. म्हणून आम्ही आपला ओसीडीच म्हणतो. एखादा नकोसा विचार पुन:पुन्हा मनात घुसतो, जीव घाबरा होतो आणि ती घबराट शमवायला माणूस तीच ती कृती करत राहतो. कोणी हात धुतो, कोणी रात्री दहा वेळा उठून कडी आणि गॅस पाहतो, कोणी पायऱ्या मोजतो, चुकल्या की पुन्हा खाली उतरतो. शंभर माणसांत एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणजे हजार वस्तीच्या गावात किमान दहा माणसे. ती दिसत नाहीत, कारण ती लपवतात.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा या आजारावर जेमतेम एक पान शिकलो. पुढे वॉर्डात असताना एक बाई आपली हीच तक्रार घेऊन आली होती. "एवढा विचार करू नका" असे सांगून आम्ही तिला परत पाठवले. त्याची लाज अजून वाटते. विचार न करणे तिच्या हातात असते तर ती आमच्याकडे आलीच नसती.

मग हे होते कशाने? एकच एक कारण अजून सिद्ध झालेले नाही, पण मेंदूत काय बिघडते याचा बराच माग लागला आहे. कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या वर मेंदूचा एक भाग आहे. "इथे काहीतरी चुकले" हा इशारा तो देतो. मेंदूच्या आत खोल पुच्छकेंद्रक नावाची गाठ आहे. कोणता इशारा पुढे जाऊ द्यायचा आणि कोणता थांबवायचा, यात तिचा वाटा असतो. तिथून निरोप थॅलॅमसकडे जातो आणि फिरून कपाळामागे येतो. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट असतो ना? तो अडकला तर टाकी वाहून चालली तरी मोटार सुरूच राहते. ओसीडीत असेच होते. हात धुऊन झाले, पण "झाले" हा निरोप पोहोचतच नाही.

ही नुसती कल्पना नाही. 1992 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदूचे उपचाराआधी आणि उपचारानंतर स्कॅन काढले. काहींना फ्लुओक्सेटिन ही गोळी दिली, काहींना गोळीशिवाय फक्त वर्तनोपचार. ज्यांना गुण आला, त्यांच्या पुच्छकेंद्रकाची जादा धडपड दोन्ही गटांत कमी झालेली दिसली. रुग्ण थोडेच होते, पण सवय बदलण्याचा सराव मेंदूपर्यंत पोहोचतो हे त्यातून दिसले.

दुसरा धागा सिरोटोनिनचा. मेंदूच्या पेशी ज्या रसायनांतून एकमेकींना निरोप देतात, त्यातले हे एक. सिरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी ओसीडीत गुण येतो, म्हणून "सिरोटोनिन कमी पडले" असे सरसकट सांगितले जाते. आम्हाला ते अर्धवट वाटते. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी झाले होते असे आपण म्हणतो का?

रक्ताच्या नात्याचाही वाटा आहे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला ओसीडी असेल तर घरातल्या इतरांना तो होण्याची शक्यता काही पटीने वाढते, लहानपणी सुरू झालेला असेल तर अधिकच. तरी बहुतेक नातेवाइकांना तो होत नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण सोयरीक मोडेल या भीतीने मुलींचा आजार दाबून ठेवलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

घशाच्या जंतूंचाही एक धागा आहे. 1998 मध्ये सुसान स्वेडो या अमेरिकन डॉक्टरांनी काही मुलांची नोंद मांडली. स्ट्रेप्टोकोकसने घसा सुजल्यानंतर त्यांच्यात ओसीडीची लक्षणे अचानक उसळली होती. शरीर जंतूंशी लढताना चुकून मेंदूच्या त्याच खोल भागाला इजा करते, असा तर्क आहे. त्यावर डॉक्टरांत अजून वाद आहेत. पण याच जंतूंमुळे संधिवाताचा ताप येतो, हृदयाच्या झडपा खराब होतात आणि काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, यात वाद नाही. एका खोलीत सहा-सात जण झोपतात तिथे हे जंतू लवकर पसरतात. म्हणून पोराचा घसा तापासह दुखला तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी दिलेला औषधांचा डोस पूर्ण करा.

बाळंतिणीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. बाळंतपणानंतर काही बायांना ओसीडी सुरू होतो किंवा आधीचा वाढतो. "माझ्या हातून बाळाला काही झाले तर" असा विचार येतो, विळी दिसली की अंगावर काटा येतो. ती विळी लपवते, बाळाला न्हाऊ घालायला घाबरते. घरचे म्हणतात, हिला बाळ नको आहे. खरे तर त्या विचाराची सर्वांत जास्त भीती तिलाच वाटत असते. अशा बाईपासून बाळ तोडू नका, तिला डॉक्टरांकडे न्या. मात्र कानात आवाज येतात, बाळात भूत आहे असे तिला खरेच वाटते, ती रात्र-रात्र झोपत नाही, असे असेल तर तो वेगळा आजार आहे. तेव्हा बाळ-बाळंतिणीला एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता अवघड गोष्ट. आपल्या जिल्ह्यातील सैलानी येथे राज्यभरातून मानसिक रुग्ण आणले जातात, होळीच्या यात्रेत तर फारच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही लोक जातात, फक्त रात्रीच्या गाडीने. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. दवाखान्यात तीन मिनिटे मिळतात आणि तिथे कोणीतरी तासभर ऐकून घेते. पण अडकलेला फ्लोट धुपाने सुटत नाही, आणि दोन-चार वर्षे गेली की आजार मुरतो. रुग्णाला साखळीने बांधणे तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने सरळ बंद केले आहे. 2001 मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळ्यांमुळे रुग्णांना पळता आले नाही.

उपचार महाग नाहीत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन ही औषधे जुनी आहेत आणि जेनेरिकमध्ये मिळतात. पण गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि डोस अनेकदा उदासीच्या आजारापेक्षा जास्त लागतो. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून गोळी सोडणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. बरे वाटल्यावरही ती मनाने बंद करू नका. जोडीला सराव: केराला हात लावायचा आणि ठरलेला वेळ हात धुवायचे नाहीत. घबराट चढते, शिखराला जाते आणि न धुताच उतरते. तज्ज्ञांच्या मदतीने हे पायरी-पायरीने करायचे असते. घरच्यांनी "हो गं, साफ आहेत हात" असे शंभरदा सांगू नये आणि टोमणेही मारू नयेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, ओपीडीचा वार आधी विचारून जा. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत आणि मराठीत बोलता येते.

त्या सुनेसोबत पहिल्या वेळी आम्हीच एसटीने गेलो. तीन महिने ती म्हणत होती, "काही फरक नाही, सिस्टर." चौथ्या महिन्यात सासूबाईंनी आम्हाला ड्रम दाखवला. नळ येऊन सहा दिवस झाले होते आणि ड्रम अर्धा भरलेला होता. "अजून धुतेच थोडे जास्त," त्या म्हणाल्या. "पन आता मीच मोजनं सोडलं."