ख्रिस्तमंदिरांतील नळ्यांचा ऑर्गन

‘ऑर्गन’ हा शब्द महाराष्ट्रीय कानांना परका नाहीं. बालगंधर्वांच्या नाट्यपदांना ज्या वाद्याची साथ असे, तें याच नांवानें ओळखलें जाई. परंतु रंगभूमीचा तो ऑर्गन म्हणजे वस्तुतः एक प्रकारची पायपेटीच होय. तिच्यांत पितळेच्या बारीक जिभल्या वाऱ्यानें कंप पावतात आणि सूर उमटतो. कॅथॉलिक ख्रिस्तमंदिरांत ज्यास ऑर्गन म्हणतात, त्याचा मुख्य आवाज नळ्यांचा असतो. दोहोंचें नांव एक, पट्ट्यांची मांडणीहि सारखीच. पण नळ्यांच्या ऑर्गनचें खरें नातें जडतें तें बासरीशीं.

बासरी वाजविणारा एकाच नळीवर बोटांची उघडझांप करून सर्व सूर काढतो. ऑर्गनमध्यें प्रत्येक सुरास स्वतंत्र नळी असते. भात्यानें भरलेला वारा प्रथम एका लांकडी पेटाऱ्यांत सांठतो, आणि त्या पेटाऱ्याच्या माथ्यावर नळ्या रांगेनें उभ्या केलेल्या असतात. वादकानें पट्टी दाबली कीं त्या सुराची झडप उघडते, वारा नळींत शिरतो आणि नळी बोलूं लागते. पट्टीवरचें बोट उचलीपर्यंत सूर तिळमात्र न डळमळतां टिकतो. पट्ट्यांच्या दोहों बाजूंस खुंट्या असतात. एक खुंटी ओढली कीं नळ्यांची एक सबंध रांग वाऱ्यास मोकळी होते. कोणती रांग बासरीसारखी मऊ, कोणती तंतुवाद्याच्या वळणाची, तर कोणती तुतारीसारखी खणखणीत. खर्जासाठीं पायांनीं दाबावयाच्या पट्ट्या निराळ्या असतात. आठ फूट लांबीच्या उघड्या नळीचा सूर सेकंदास सुमारें ६५ कंपनांचा असतो. सोळा फुटी नळी त्याच्या खालचें सप्तक देते, आणि तो आवाज कानांपेक्षां छातीलाच अधिक जाणवतो.

या वाद्याचा जन्म धर्ममंदिरांत झालेला नाहीं. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसनें पाण्याच्या दाबानें वारा स्थिर राखणारें असें वाद्य रचलें. पुढें ७५७ सालीं बायझंटाइन बादशहानें फ्रँक लोकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन नजर केला. राजदरबारांतील हें वाद्य कालांतरानें उपासनेंत रुजलें.

नाशिककरांस तें पाहावयाचें तर मुंबईची गाडी धरावी. कुलाब्यास १९०५ सालीं उभ्या राहिलेल्या होली नेम कॅथेड्रलमध्यें नळ्यांचा ऑर्गन आहे. नाशिकचा कॅथॉलिक धर्मप्रांत स्थापन झाला तो १९८७ सालीं, आणि तोंवर उपासनेचें रूपच पालटलें होतें. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस वाट मोकळी करून दिली. त्याच लेखांत नळ्यांच्या ऑर्गनला मोठा मान द्यावा असें सांगून, उपासनेस शोभतील अशा इतर वाद्यांनाहि दार उघडलें. मराठी मिस्सेंत पेटी आणि तबला आले ते असे, आणि ते घरचेच वाटले.

पेटीच्या या विजयास हवामानाचेंहि एक कारण आहे. हवा तापली कीं नळींतील ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो. नाशिकांत थंडीतली पहाट १० अंशांची, तर वैशाखांतील दुपार ४० अंशांची असूं शकते. तितका फरक मंदिराच्या आंत पोंचला, तर साध्या नळीचा षड्ज जवळजवळ कोमल ऋषभापर्यंत चढेल. जिभल्यांचा सूर मात्र फारसा हलत नाहीं. म्हणून ज्या ऑर्गनमध्यें दोन्ही जातींच्या नळ्या आहेत, तो आपल्याशींच बेसूर होतो. त्यांत पावसाळ्यांत लांकूड फुगतें, उन्हाळ्यांत तडकतें, भात्याचें चामडें सुकतें, आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीं. पेटी उचलून कोरड्या खोलींत नेतां येते. भिंतीएवढा ऑर्गन कोठें नेणार?

तरीहि उष्ण देशांत तो जगतच नाहीं, असा निष्कर्ष काढूं नये. फिलिपाइन्समध्यें मनिलाजवळच्या लास पिन्यास येथील कॅथॉलिक ख्रिस्तमंदिरांत दिएगो सेरा या धर्मगुरूनें १८१६ ते १८२४ या काळांत एक ऑर्गन बांधला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकीं ९०२ बांबूच्या आहेत. किडीपासून रक्षण व्हावें म्हणून तो बांबू कांहीं काळ समुद्रकांठच्या वाळूंत पुरून ठेविला होता. भूकंप आणि वादळें यांनीं पुढें त्या वाद्याची दुर्दशा झाली. अखेर १९७३ सालीं तें दुरुस्तीसाठीं जर्मनींत बॉन येथें गेलें. तेथील कारागिरांनीं फिलिपाइन्सच्या दमट हवेची खोली मुद्दाम तयार करून त्यांत तें सुधारलें, आणि १९७५ सालीं तें आपल्या मंदिरांत परतून पुन्हा वाजूं लागलें.

या उदाहरणाचा बोध आपल्याकडील जुन्या ऑर्गनांनाहि लागू पडतो. बिघडलेला ऑर्गन दिसला कीं विजेचें वाद्य आणून त्याचें काम भागवावें आणि नळ्या शोभेसाठीं ठेवाव्या, हा मोह सोपा आहे; खर्चाची अडचणहि खोटी नव्हे. परंतु न वाजणाऱ्या वाद्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. भाता कोठें फाटला, झडप कोठें अडकली, हें कळतच नाहीं, आणि लहान दुरुस्तीची मोठी होऊन बसते. यासाठीं पैशाइतकीच गरज आहे ती शिकलेल्या हातांची. पेटीवर तयार झालेल्या एखाद्या मुलास किंवा मुलीस ऑर्गनवर बसवावें, पायांच्या पट्ट्यांचा सराव करवावा, आणि दर रविवारीं निदान एक गीत तरी त्यावर वाजवूं द्यावें. नळीला वारा हवा आणि वाऱ्याला वादक. यांतील वादक निर्माण करणें हें तरी आपल्या हातीं आहे.